मणक्याचा मार, डोक्याचा मार : डिस्चार्जच्या आधी काय काय मागून ठेवायचं?

मागच्या अंकात मणक्याला मार लागलेल्या पेशंटची घरी काळजी कशी घ्यायची ते लिहिलं होतं. त्यावर ढीगभर पत्रं आणि मेसेज आले, पण व्यायामाबद्दल फार थोड्यांनी विचारलंय, बाकी सगळ्यांचा प्रश्न एकच, की आता पुढे काय, पालिका काय देते, सरकार काय देतं आणि नेमकं जायचं कुणाकडे. म्हणून या वेळी तेच घेऊया. मेंदूला मार लागलेल्यांच्या घरच्यांचीही पत्रं घेतलीत, कारण त्यांच्याबद्दल कुणी लिहीतच नाही. पत्रं थोडी छोटी केलीत, नावं काढून टाकलीत.

ताई, माझा भाऊ २६ वर्षांचा आहे, ठाणे ते घाटकोपर रोजचा प्रवास, गर्दीत दारातून खाली पडला. पाठीच्या डी-टेन मणक्याला फ्रॅक्चर, ऑपरेशन झालं, कमरेखाली काही कळत नाही. डॉक्टर म्हणतात आठवड्याभरात घरी न्या. माझी मामेबहीण अमेरिकेत फ्लोरिडाला असते, ती म्हणाली की तिकडे अशा पेशंटसाठी सरकारी कौन्सिल आहे, ते सगळं बघतात. आपल्याकडे असं काही आहे का? आम्हाला काहीच सुचत नाहीये.
— एक बहीण, भांडुप

तुमच्या मामेबहिणीचं खरं आहे, पण थोडं उलगडून सांगते म्हणजे आपल्याकडे काय शोधायचं ते कळेल. फ्लोरिडात राज्याच्या आरोग्य खात्याचा एक प्रोग्रॅम आहे, फक्त मेंदूच्या आणि मणक्याच्या दुखापतीसाठी. त्याला सल्ला द्यायला १६ जणांचं कौन्सिल असतं आणि त्यातल्या आठ जागा कायद्यानेच पेशंट नाहीतर त्यांच्या घरच्यांसाठी ठेवलेल्या, चार मेंदूच्या दुखापतीवाल्यांच्या, चार मणक्यावाल्यांच्या. डॉक्टर, थेरपिस्ट उरलेल्या जागांवर. पैसा येतो त्यातला बराचसा ट्रॅफिकच्या दंडातून आणि दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांच्या दंडातून, म्हणजे ज्या रस्त्यावर माणसं जायबंदी होतात त्याच रस्त्यावरचा पैसा त्यांच्याकडे परत येतो. मला त्यात सगळ्यात आवडतं ते मात्र वेगळंच आहे. तिथे असा पेशंट आला की पाच दिवसांत त्याची नोंद राज्याच्या रजिस्टरमध्ये कळवणं डॉक्टर आणि हॉस्पिटलवर बंधनकारक आहे, आणि त्या नोंदीवरून प्रोग्रॅमची माणसं स्वतः पेशंटपर्यंत पोचतात. महिन्याचं पेन्शन वगैरे ते देत नाहीत, बाकी कुठूनच सोय झाली नाही तर व्हीलचेअर, घरातले बदल, थेरपी यासाठी मदत करतात, माणूस परत आपल्या माणसांत राहायला लागावा म्हणून.

आपल्याकडे असं एक दार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात राज्य सल्लागार मंडळ आहे, जिल्हा समिती आहे, पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त बसतात, महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये वेगळं दिव्यांग कल्याण खातंच काढलं, पण तुमच्या भावाच्या बेडशी येऊन कुणी विचारणार नाही. पेशंटची माहिती पोचवायची जबाबदारी घरच्यांवर पडते आणि नेमकी अशा वेळी पडते जेव्हा घरचे सुन्न झालेले असतात. हे बदललं पाहिजे, हॉस्पिटलनेच नाव कळवायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. पण ते होईपर्यंत तुम्हाला आत्ता काय करता येईल ते सांगते.

वॉर्डातून निघायच्या आधी मेडिकल सोशल वर्करला भेटा. पालिकेच्या आणि सरकारी मोठ्या हॉस्पिटलात समाजसेवा विभाग असतोच, तिथे जाऊन बसा, सिस्टर म्हणाल्या उद्या या तर उद्या परत जा. ऑपरेशनचा किंवा इम्प्लांटचा खर्च अंगावर आला असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते तिथेच विचारा, आता ती रेशन कार्डाच्या रंगावर अडत नाही, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे. पुढे थेरपीसाठी ट्रस्टच्या हॉस्पिटलात न्यायची वेळ आली तर लक्षात ठेवा, धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के बेड गरीब रुग्णांना फुकट आणि आणखी १० टक्के सवलतीत द्यावे लागतात, हा हायकोर्टाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या स्कीमचा नियम आहे, उत्पन्नाचा दाखला मात्र हातात लागतो.

दुसरं, कागद. डिस्चार्ज कार्डावर दुखापत कोणत्या मणक्याला, पूर्ण की अर्धवट, लघवी-संडासवर ताबा आहे की नाही हे स्पष्ट लिहून घ्या, नुसतं 'स्पाइन फ्रॅक्चर' लिहिलेलं पुढे कुठेच पुरत नाही. भाऊ ट्रेनमधून पडलाय म्हणजे रेल्वे क्लेम्स ट्रिब्युनलकडे भरपाई मागता येते. रेल्वे कायद्याचं कलम १२४-अ आहे, चालत्या गाडीतून चुकून पडणं त्यात येतं, त्याची स्वतःची चूक होती का रेल्वेची हे बघत नाहीत. कमाल रक्कम ८ लाख, दुखापतीप्रमाणे तक्ता ठरलेला आहे. दोन गोष्टी मात्र हव्यातच, तो तिकीट किंवा पास असलेला प्रवासी होता याचा पुरावा आणि एक वर्षाच्या आत अर्ज. पास त्याच्या पाकिटात असेल, पाकीट जीआरपीकडे (रेल्वे पोलिसांकडे) जमा असेल तर पंचनाम्यात पासचा उल्लेख आहे का बघा, मोबाईलवर काढला असेल तर तो फोन फॉरमॅट करू नका आणि कुणाला देऊनही टाकू नका. स्टेशन मास्तरचा मेमो आणि पोलिसांच्या कागदांची कॉपी आत्ताच मागून घ्या, वर्षभराने ती मिळवताना जीव जातो.

तिसरं, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. अर्ज ऑनलाइन स्वावलंबन पोर्टलवर होतो, तपासणी केईएम, सायन, नायर, कूपर, जेजे अशा ठिकाणी. सुधारणेला वाव आहे का ते बघायला डॉक्टर काही महिने जाऊ देतात, तोवर तात्पुरतं सर्टिफिकेट मिळू शकतं का ते विचारा. ४० टक्क्यांच्या खाली पांढरं कार्ड, ४० ते ८० च्या आतलं पिवळं, ८० आणि वर निळं. या रंगावर पुढचं बरंच काही ठरतं. पालिकेची धर्मवीर आनंद दिघे दिव्यांग अर्थसहाय्य योजना आहे, १८ वर्षांवरच्या मुंबईतल्या रहिवाशांना, पिवळ्या कार्डाला महिना १,००० आणि निळ्याला ३,००० च्या हिशोबाने दर सहा महिन्यांनी खात्यात. तुमच्यासाठी एस वॉर्डच्या ऑफिसात नियोजन खात्याचं टेबल विचारायचं. शिवाय राज्याची संजय गांधी निराधार योजना, तिची रक्कम दिव्यांगांसाठी १,५०० वरून २,५०० केलीये, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत दाखवावं लागतं, मुंबईत ते किती घरांना जमतं हे तुम्हालाच माहीत. ही मर्यादा खरंच वाढवायला हवी. २६ वर्षांच्या मुलाच्या डायपर, कॅथेटर (लघवीची नळी) आणि फिजिओलाच महिन्याला याच्या कितीतरी पट जातात.

आणि डिस्चार्ज मिळाला की थेट घरी न नेता हाजीअलीला दाखवा. अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था, १९५५ पासूनची, केंद्र सरकारची आहे, महालक्ष्मी स्टेशनपासून टॅक्सीने जवळच. बेडवरून व्हीलचेअरवर स्वतः कसं सरकायचं, कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) घालून कसं उभं राहायचं, आंघोळ कशी करायची हे सगळं शिकवणं हेच त्यांचं काम आहे, कॅलिपर बनवायचं वर्कशॉपही तिथेच आहे. घरी आणून झोपवून ठेवलं की सांधे आखडतात आणि मुलगा मनाने खचतो, मग कितीही मागे लागा, उठायला तयार होत नाही.

नवरा जेव्हीएलआरवर बाईकवरून पडला, डोक्याला मार, मेंदूत रक्तस्राव झाला होता. आता हातपाय व्यवस्थित आहेत, बोलतात, जेवतात. पण आधीचा माणूस राहिला नाहीये. चहा ठेवतात आणि विसरून जातात, गॅस तसाच. एकच गोष्ट पाचदा विचारतात. मुलं टीव्ही लावून बोलायला लागली की एकदम अंगावर धावून जातात. नोकरी गेली. सासरचे म्हणतात नाटक करतो. सर्टिफिकेट मागायला गेले तर खिडकीवर म्हणाले हे तर चालतायत की. वर बँकेत सही जुळत नाही म्हणून पैसे अडकलेत.
— एक पत्नी, जोगेश्वरी

ताई, आधी सासरच्यांना हे वाचून दाखवा. हे नाटक नाही. कपाळामागचा मेंदूचा भाग राग आवरणं, कामाला सुरुवात करणं, एक काम संपेपर्यंत त्यावर लक्ष ठेवणं हे सगळं करतो आणि बाईकच्या अपघातात नेमका तोच भाग आणि कानाजवळचा आठवणीचा भाग कवटीवर आतून आपटतो. बाहेरची जखम भरते, टाके निघतात, केस परत येतात आणि सगळ्यांना वाटतं झालं बरं. मणक्याच्या पेशंटला निदान व्हीलचेअर तरी दिसते, तुमच्या नवऱ्याचं दुखणं दिसतच नाही, त्यामुळे सहानुभूती शून्य आणि सगळं खापर त्याच्या स्वभावावर. मला या घरांची फार काळजी वाटते, कारण बायको एकटी पडते.

घरात काय करायचं ते सांगते. एका वेळी एकच जण बोलेल आणि बोलताना टीव्ही बंद, हा नियम मुलांना समजावून सांगा, बाबांचा मेंदू एका वेळी दोन आवाज निवडू शकत नाही असं सांगितलं की मुलं मोठ्यांपेक्षा लवकर समजून घेतात. भिंतीवर एक पांढरा बोर्ड लावा, त्यावर आजचा वार, आज काय करायचंय आणि गोळ्या कधी. विचारलं की उत्तर न देता बोर्डकडे बोट दाखवा, हळूहळू सवय लागते. गॅस सध्या त्यांच्या हाती नको, रेग्युलेटर बंद करून ठेवायचा किंवा इंडक्शन शेगडी घ्या, टायमर लावला की ती आपोआप बंद होते. दुपारी झोप हवीच, मेंदूला मार लागलेला माणूस लवकर थकतो आणि थकला की चिडतो, संध्याकाळचं भांडण बऱ्याचदा दुपारच्या न झालेल्या झोपेचं असतं. राग चढताना दिसला की वाद घालू नका, त्या खोलीतून बाहेर पडा, पाच-दहा मिनिटांनी परत या. आणि फिट आली किंवा डोळे फिरवून टक लावून बसले, तर त्याच दिवशी न्यूरोच्या डॉक्टरांकडे, फिटची गोळी स्वतःच्या मनाने कधीच बंद करायची नाही.

आता सर्टिफिकेट. खिडकीवरच्या माणसाने पाय बघितले. कायद्याच्या २१ प्रकारांच्या यादीत 'मेंदूची दुखापत' अशी वेगळी ओळ नाही, त्यामुळे दुखापतीने जे बिघडलंय त्या नावाने अर्ज करावा लागतो. हातपाय गेले असतील तर अस्थिव्यंग, बोलणं गेलं असेल तर वाचा व भाषा, आणि तुमच्यासारख्या केसमध्ये मानसिक आजाराचा रकाना, कारण कायद्यातल्या त्या व्याख्येत विचार, मनःस्थिती, भान आणि स्मरणशक्तीचा मोठा बिघाड आहे. शब्द ऐकून दचकू नका, कुणी वेडा म्हणत नाहीये, त्या रकान्यातूनच तुमचा हक्क मिळणार आहे. म्हणजे हाडांच्या ओपीडीत न जाता सायकियाट्रीच्या ओपीडीत जायचं, सोबत सीटी स्कॅनचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, आणि न्यूरोसायकॉलॉजीची (आठवण, लक्ष तपासायची) टेस्ट झाली असेल तर तिचा रिपोर्ट. आणि एक वही. दोन आठवडे रोज लिहा, आज काय विसरले, कुठे चुकले, कधी भडकले, आंघोळ सांगावी लागली का. डॉक्टर टक्के काढताना स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम या चार गोष्टी बघतात, आणि तुमचे मिस्टर डॉक्टरांसमोर दहा मिनिटं अगदी छान बोलतील, हे ठरलेलं आहे, तेव्हा वही कामाला येते. एकापेक्षा जास्त प्रकार असतील तर बहुविकलांगतेखाली एकत्र टक्के निघतात, तसं झालं तर केंद्राच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय आरोग्य विम्याचं विचारा, १ लाखापर्यंत आहे. बोलण्यात शब्द सापडत नसतील तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, स्पीच थेरपीसाठी.

बँकेचं असं आहे. त्यांना व्यवहार कळत असेल, पैसे कशासाठी काढतोय ते सांगता येत असेल, नुसती सही बदलली असेल, तर अंगठा चालतो, रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत, दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. मॅनेजरला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तोंडी विचारलं की तोंडी नकार मिळतो. व्यवहार कळतच नसेल तर दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १४ खाली मर्यादित पालकत्व घेता येतं, जेवढ्या निर्णयाला मदत हवी तेवढ्यापुरतं, त्यांचं मत विचारात घेऊन. फुकट वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, बाई म्हणून तुम्हाला उत्पन्नाची अटही नाही.

शेवटचं, अपघाताची भरपाई. मोटार अपघात न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा असतो. तुमचे किती झाले ते तुम्ही लिहिलं नाहीये, उलटून गेले असतील तरी वकिलाला विचारल्याशिवाय सोडून देऊ नका, त्या मुदतीवर कोर्टात वाद चालू आहे. समोरची गाडी पळून गेली असेल तर गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी, २०२५ च्या मे पासून रस्ता अपघातातल्या जखमीला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची केंद्राची योजना आहे, ॲडमिट करतानाच विचारा.

मी बसचा ड्रायव्हर आहे, पालिकेच्या उपक्रमात. जिन्यावरून पडून मणका गेला, काठीने थोडं चालतो. डेपोत सांगतायत मेडिकली अनफिट, स्वतःहून निवृत्ती घे, फॉर्म भरून दे. काय करू?
— एक वाचक, वडाळा

फॉर्मवर सही करू नका. दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २०, पोटकलम ४ सांगतं की नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला माणूस काढता येत नाही, पायरीही खाली उतरवता येत नाही. आधीचं काम जमत नसेल तर त्याच पगारश्रेणीत दुसरं काम द्यायचं आणि तसं पद रिकामं नसेल तर रिकामं होईपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत वाढीव पदावर ठेवायचं. स्थानिक संस्था आणि त्यांचे उपक्रम यात येतात. हेच १९९५ च्या जुन्या कायद्यातही होतं, म्हणजे नवीन काही मागत नाही आहात. कलमाचा नंबर लिहून पर्यायी कामासाठी लेखी अर्ज द्या, टाइमकीपर, स्टोअर, ऑफिस, जे बसून जमेल ते स्वतःच सुचवा. नकार आला तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार.

खासगीतल्या कामगारांनी विचारलंय त्यांच्यासाठी इथेच लिहिते. पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल आणि अपघात कामावर किंवा कामाला येता-जाताना झाला असेल तर कायमच्या अपंगत्वाला महिन्याचा लाभ मिळतो, पूर्ण अपंगत्व असेल तर वेतनाच्या ९० टक्क्यांच्या हिशोबाने. ईएसआय नसेल तर मालकाकडून भरपाई, आधी ती १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली होती, नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेखाली आहे, मुदत दोन वर्षं. परांचीवरून पडलेल्या बांधकाम कामगाराची त्यांच्या कल्याणकारी मंडळात नोंदणी असेल तर तिकडेही अर्ज करा.

माझा मुलगा गोविंदा पथकात होता. वरच्या थरावरून मानेवर पडला. हात थोडे हलतात, बाकी काही नाही. आम्ही लालबागला चाळीत राहतो, संडास बाहेर. आता माकडहाडावर जखम झालीये, काळी पडलीये. आणि कधी कधी अचानक डोकं फुटेल असं दुखतं म्हणतो आणि घाम फुटतो. विम्याचं पण काही कळत नाही.
— एक आई

माई, तुमच्या पत्रातलं डोकेदुखीचं वाक्य वाचून आधी तेच लिहायला घेतलं. मानेचा किंवा छातीच्या वरच्या भागाचा मणका गेला असेल तर खाली कुठेतरी त्रास चालू असतो, त्याला कळत नाही, पण शरीर वरून इशारा देतं, डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, वरच्या अंगाला घाम येतो आणि बीपी भराभर वर जातं. हे साधं डोकं दुखणं नाही, यात जीवाला धोका असतो. लगेच उठवून बसवा, आडवं ठेवायचं नाही, पाय खाली सोडा, कपडे, पट्टा, बूट सैल करा. मग लघवीची नळी बघा, मुडपली आहे का, पिशवी भरलीये का, पलंगाखाली दबलीये का, बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं. नाहीतर पोट साफ झालेलं नसतं, किंवा नख, जखम असं काही टोचत असतं. दहा मिनिटांत उतरलं नाही तर १०८ ला फोन आणि मणक्याचा पेशंट आहे, बीपी चढलंय असं स्पष्ट सांगा, कारण बऱ्याच जणांना या दुखण्याची माहिती नसते.

जखम काळी पडलीये म्हणजे आतून मांस मेलेलं असू शकतं, घरी पावडर, हळद, मध काही लावू नका, सर्जरीच्या ओपीडीत या आठवड्यातच दाखवा. तोपर्यंत त्या बाजूवर एक क्षणही झोपवायचं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा, घरात पाळ्या लावून घ्या, मोबाईलला अलार्म लावा, एकट्या आईने रात्रभर जागायचं नाही. मधे भोक असलेली रबरी रिंग कुणी आणून दिली असेल तर काढून टाका, तिच्या कडेने रक्त अडतं आणि जखम वाढते. रोज आंघोळीच्या वेळी टाचा, घोटे, माकडहाड, खुबे, कोपरं नीट बघा. लाल डाग दिसला आणि बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा न होता लालच राहिला तर ती जखमेची सुरुवात, त्या जागेवर भार बंद. आणि जेवणात अंडं, डाळ, मासळी वाढवा, प्रथिनांशिवाय जखम भरत नाही.

चाळीत संडास बाहेर असेल तर खोलीतच कमोडची चाकाची खुर्ची ठेवा आणि पोट साफ करायची एक वेळ धरा, रोज तीच, जेवणानंतर अर्ध्या तासाने. पडदा लावा. तरुण मुलगा आहे, त्याला लाज वाटते आणि मग तो पाणी प्यायचंच बंद करतो, हे मी कितीतरी घरांत बघितलंय आणि तिथूनच लघवीचं इन्फेक्शन सुरू होतं.

विम्याचं, नोंदणी केलेल्या गोविंदांचा हप्ता सरकार भरतं. म्हणून पथकाच्या प्रमुखांकडून यादीत मुलाचं नाव असल्याचा कागद आणि पॉलिसीची कॉपी मागा, कायमच्या अपंगत्वाचा भाग त्यात बघा, डिस्चार्ज कार्ड आणि सर्टिफिकेट जोडून क्लेम करा. पथक त्या दिवशी खांद्यावर घेऊन नाचलं, आता कागदासाठीही त्यांनीच धावायला हवं, हे त्यांना माझ्या नावाने सांगा.

बाबांना व्हीलचेअर लागते. सोसायटीच्या दारात दोन पायऱ्या आहेत. रॅम्प मागितला तर कमिटी म्हणते पार्किंग जाईल. — मुलुंड

पायऱ्या मोजून घ्या. उताराचं माप एकास बारा असतं, म्हणजे एक फूट उंचीला १२ फूट लांबी, यापेक्षा उभा रॅम्प धोक्याचा, व्हीलचेअर मागे उलटते. एवढी सरळ जागा नसेल तर मधे सपाट वळण देऊन दोन भागांत करता येतो, पार्किंगची एखादी कड जाते, सगळं पार्किंग जात नाही. आर्किटेक्टकडून कागदावर काढून घ्या आणि तो नकाशा जोडून लेखी अर्ज द्या, तोंडी वादात पडू नका. लेखी नकार आला की तो घेऊन दिव्यांग आयुक्तांकडे. घरात बाथरूमचं दार बहुतेक जुन्या फ्लॅटमध्ये अरुंदच असतं, ते बाहेर उघडणारं करून घ्या, आत पडले तर उघडता तरी येतं.

मी २४ वर्षांचा आहे, व्हीलचेअरवर, हात चांगले आहेत. घरात बसून वेड लागेल. एकट्याने बाहेर पडता येईल का मुंबईत? — एक वाचक, दहिसर

येईल, आणि सुरुवात मेट्रोने कर. दहिसरला टू-ए आणि सेव्हन दोन्ही लाइन आहेत, लिफ्ट आहे, डब्यात व्हीलचेअरची जागा आहे, प्लॅटफॉर्म आणि डब्याची पातळी जवळपास सारखी आहे. आधी दुपारच्या वेळी, गर्दी नसताना, एका मित्राला घेऊन जा. तो नुसता बाजूने चालेल, ढकलणार नाही, असं आधी ठरव. लोकलमध्ये दिव्यांगांचा डबा आहे पण प्लॅटफॉर्मची फट आणि उंची स्टेशनागणिक वेगळी, तिथे एकट्याने सध्या नको. लांबच्या गाडीला मात्र चांगली सवलत आहे, सोबतीशिवाय प्रवास जमत नाही असं सर्टिफिकेट असेल तर स्लीपर आणि थर्ड एसीला ७५ टक्के, तुलाही आणि सोबत येणाऱ्यालाही, लोकलच्या पासालाही निम्मी सूट. त्यासाठी रेल्वेच्या नमुन्यातलं सर्टिफिकेट लागतं, ते हॉस्पिटलातून भरून घे.

नोकरीसाठी सरकारी जागांत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के राखीव आहेत, यूडीआयडी काढून ठेव म्हणजे फॉर्म भरताना अडणार नाही. आणि स्वतःसारख्या माणसांना भेट. मुंबईत नीना फाउंडेशन आहे, डॉ. केतना मेहता यांनी २००१ मध्ये सुरू केलेलं, त्या स्वतः पॅराग्लायडिंगच्या अपघातानंतर व्हीलचेअर वापरायला लागल्या. कोणती उशी घ्यायची, दिवसभर बाहेर असताना कॅथेटरचं काय करायचं, इंटरव्ह्यूला किती आधी पोचायचं, हे तुला तिथली मुलं माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. बाहेर पडताना पाण्याची बाटली, जादा कॅथेटर आणि हातमोजे बॅगेत ठेव, आणि खुर्चीत दर १५-२० मिनिटांनी हातांवर भार देऊन बूड उचलायचं विसरू नकोस, मेट्रोतसुद्धा.